तिच्या हातचं पाणी

नव्वदीच्या दशकात नवऱ्याच्या कंपनीने आम्हाला पुण्याहून गुडगावला आणून टाकलं, तेव्हा आमच्या सोसायटीभोवतालच्या निम्म्या इमारती अर्धवट होत्या. वाळलेले कपडे झटकले की सिमेंट उडायचं. मी सदा वैतागलेली. बोलायला मराठी माणूस नाही, चर्चमधली उपासना हिंदीत. देवाशीसुद्धा परक्या भाषेत बोलावं लागतं, अशी माझी कुरकुर चालायची.

एका रविवारी उपासनेनंतर आमच्या चर्चमधली एक केरळी नर्स जवळ आली. "आप मराठी हैं ना? हमारे वॉर्ड में एक औरत है, उसकी बात किसी को समझ नहीं आती."

ती दिल्लीतल्या एका सरकारी इस्पितळात होती. दुसऱ्या दिवशी दुपारी मी संत्री घेऊन गेले. आजाऱ्याला भेटायचं म्हणजे संत्री न्यायची, बायबलमधलं वचन वाचायचं, प्रार्थना करून निघायचं, हे मी आईबरोबर लहानपणापासून केलेलं. ती बाई लातूरकडची निघाली. बांधकामावरची परांची कोसळून नवरा-बायको दोघंही पडली होती. तिचा मोडलेला पाय वजन लावून टांगलेला. नवरा खालच्या मजल्यावर पुरुषांच्या वॉर्डात, डोक्याला मार लागून बेशुद्ध.

मराठी कानावर पडताच तिने माझं मनगट धरलं. "बाई, मालकांना बघून या. खरं काय ते सांगा."

मी खाली गेले. डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. वर येऊन मी म्हणाले, "बरे होतील हो. आपण प्रार्थना करू."

"तुमचं तोंडच सांगतंय," ती म्हणाली. "देवाला मागून झालं माझं. आता एवढं करा. त्यांच्या तोंडाला तुळशीचं पाणी लावा. आन् कानात माझं नाव सांगा, म्हंजी त्यांना कळंल कुणी लावलं."

मला राग आला. आमच्याकडे माणूस जाईपर्यंत त्याच्या बरं होण्याचीच प्रार्थना चालते, आणि ही जिवंत माणसाला निरोप द्यायला निघाली होती. पण तिच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि टांगलेल्या पायाने तिला त्याच्याजवळ पोहोचायला हे निरोपाचं पाणीच उरलं होतं, आणि ते आशा सोडल्याशिवाय पाठवता येणार नव्हतं, हे कळलं.

ख्रिस्ती घरात तुळस कुठली असायला? घरी येऊन शेजारच्या पंजाबी बाईंची बेल वाजवली तेव्हा दिवेलागण झाली होती. "शाम के बाद तुलसी नहीं तोड़ते जी," त्या म्हणाल्या. कशासाठी हवी ते मी सांगितलं. त्या कुंडीपाशी वाकल्या, मातीत गळून पडलेलं एक पान उचलून धुतलं आणि झाकणाच्या वाटीत गंगाजळात घालून दिलं. स्कूटरवर नवऱ्याच्या मागे ती वाटी पोटाशी धरून मी पुन्हा दिल्ली गाठली.

"पिलाना मत, बस होंठ गीले करना," पुरुषांच्या वॉर्डातली नर्स म्हणाली. मी पानाने त्याचे ओठ ओले केले. वाकून कानात त्याच्या बायकोचं नाव सांगितलं. त्याची पापणीही हलली नाही. सवयीने माझी प्रार्थना जिभेवर आली होती, ती मी गिळली. हा हात तिचा आहे, तिच्या निरोपात आपला देव घुसवायचा नाही, असं मी ठरवलं आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली.

पहाटे तो गेला. टांगलेला पाय सोडवता येईना, म्हणून तिला खाली नेऊन त्याचं तोंडही दाखवता आलं नाही. तिला ही बातमी मराठीत सांगायला मीच होते. इतकं जड वाक्य मी आयुष्यात बोललेले नाही.

ती रडली नाही. "पाणी लागलं होतं ओठाला?"

"लागलं."

"माझं नाव?"

"सांगितलं."

"आन् तुमच्या देवाला काय सांगितलंत?"

"काही नाही. पाणी तुमचं होतं ना, म्हणून मी..."

"सांगायचं की वो," ती म्हणाली. "ह्या मुलखात त्यांच्यासाठी देवाशी बोलाया दुसरं कोण होतं?"

तिचा हात धरून मी प्रार्थना सुरू केली. कितीतरी दिवसांनी मोठ्याने, मराठीत. दोन शब्द झाले आणि मी लहान मुलासारखी हुंदके देऊन रडायला लागले.

तिने हात सोडवून घेतला, दोन्ही तळवे जोडले आणि डोळे मिटले.

"म्हणा सावकाश," ती म्हणाली. "मी थांबते."