कुंकवातला पाना

माझ्या लग्नात बाबांनी जावयाला घड्याळ दिलं नाही, मला दहा इंची अ‍ॅडजस्टेबल पाना दिला. ते वाघोडियाच्या एका कारखान्यात फिटर होते. नट कुठल्याही मापाचा असो, जबडा सरकवला की काम झालं. घराला आणखी काय लागतं, असं त्यांचं म्हणणं. सासर बडोद्याच्या दांडिया बाजारातलं, तीन पिढ्या विद्वान. मांडवात कोणीतरी म्हणालं, मुलीला सासर दुरुस्त करायला पाठवताय की काय? सगळे हसले. बाबाही हसले, पण तेव्हापासून आमच्याकडे आले की खुर्चीच्या कडेवर बसायचे आणि अर्धा कप चहा टाकून बसची वेळ झाली म्हणायचे. मला ते फार लागायचं.

सासरची माणसं वाईट नाहीत हो. पान्याला त्यांनी थेट देवघरात नेऊन ठेवलं. घरात दुसरं हत्यार नाही, म्हणून दर खंडेनवमीला सासूबाई त्यालाच हळदकुंकू वाहायच्या, वर तेलाचं बोट. एकदा नळ आवळायला मागितला, तर म्हणाल्या, देवाची वस्तू उष्टी करू नये. नऊ वर्षं आमचा नळ भक्तिभावाने गळत होता.

गेल्या उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, गच्चीवरच्या टाकीच्या नळीचा नट ढिला झाला. गच्चीत तळं, पाहुणे पायजमे वर धरून पतंग उडवताहेत. प्लंबरला फोन केला, तर तोही आपल्या गच्चीवर. उद्याचं वासी उत्तरायणही उरकल्यावर बघू, म्हणाला. बडोद्यात त्या दोन दिवसांत माणसाचं हाड मोडलं तरी तो आधी दोरा गुंडाळतो.

शेवटी देवघरातून पाना निघाला. आमचे हे प्राध्यापक; तेच पुढे सरसावले. नऊ वर्षांच्या कुंकवाने मधली चक्री जाम झालेली, जबडा तसूभर हलेना. तो तसाच सैल अडकवून यांनी उलट्या बाजूने ओढला, सासरे मागून सूचना देताहेत. पाना निसटला, यांची बोटं सोलली आणि नटाचे कोपरे गोल व्हायला लागले.

"आणा इकडे," मी म्हणाले.

शिवणयंत्राचं तेल आणि जुना टूथब्रश घेऊन मी ते सगळं पुण्य घासून काढलं. जबडा नटाला घट्ट भिडवला, आणि ओढताना जोर पक्क्या जबड्यावर येईल असा पाना धरला, सरकत्यावर नाही. हे बाबांनी मला सातवीत असताना सायकलवर शिकवलेलं. पाव फेरा दिला, गळती थांबली. कौतुक कोणी केलं नाही, कारण वारा चांगला होता.

संध्याकाळी बाबा तिळगूळ घ्यायला आले. पाना ओट्यावरच पडलेला. त्यांनी उचलला, जबड्यावरचे ताजे ओरखडे पाहिले आणि विचारलं, कोणी वापरला?

सासरे उठून उभे राहिले. "तुमच्या लेकीने. आम्ही नऊ वर्षं नुसता पुजला. चुकलंच आमचं."

बाबा अंगठ्याने चक्री पुढेमागे फिरवत राहिले. मग खुर्चीला पाठ टेकून नीट बसले, आणि समोरचा कप रिकामा करून सासूबाईंना म्हणाले, अजून थोडा चहा मिळेल का.