पूजेचा खड्डा

आमच्या गावात कुणी खड्डा खोदायला घेतला की कडेला चार माणसं येऊन उभी राहतात. घमेलं उचलत नाहीत, पहारीला हात लावत नाहीत. कमरेवर हात ठेवून आत डोकावतात आणि सल्ले देतात. माझ्या धाकट्या भावानं घरापुढच्या बागेत डेकचे खड्डे घेतले तेव्हा चाराची दहा झाली. डेक म्हणजे काय हे त्यातल्या एकालाही माहीत नव्हतं, आणि माहीत नसलेल्या विषयावर बोलायला आमच्याकडच्या पुरुषांना जास्तच जोर येतो.

हा डेक भावानं भंडारदऱ्याला एका रिसॉर्टवर पाहिला होता. खाली सिमेंटचे ठोकळे, त्यावर लोखंडी पाईपांचा सांगाडा आणि वर लाकडी फळ्या, एवढाच प्रकार. पण त्यावर खुर्ची टाकून त्यानं स्वतःचा फोटो काढून घेतला, आणि नेवाशाला परत येईपर्यंत आमच्या साध्या घराचं त्याच्या डोक्यात फार्महाऊस झालेलं होतं.

मला त्या डेकमधून एकच गोष्ट हवी होती. अण्णांना, म्हणजे आमच्या वडिलांना, गेल्या हिवाळ्यात अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं. चाकाची खुर्ची आणली, पण ओट्याला पायऱ्या. बाहेर न्यायचं तर दोघांनी खुर्चीसकट उचलावं लागे, आणि उचलताना अण्णा डोळे मिटून घेत. ज्या माणसानं जन्मभर दुसऱ्याला पाण्याचा तांब्यासुद्धा मागितला नाही, त्याला पोत्यासारखं उचललं जाणं सहन होत नव्हतं. मग ते बाहेर जायला नकोच म्हणू लागले. दिवसभर टीव्हीसमोर. मी नगरला कोर्टात नोकरी करते, शनिवारी एसटीनं गावी जाते. दर शनिवारी ते मला त्याच जागी, त्याच भिंतीकडे तोंड करून दिसायचे.

मी आधी सिमेंटचा उतार करायला सांगितलं होतं. बंधुराज म्हणाले, त्यानं घर दवाखान्यासारखं दिसतं. डेक मात्र ओट्याच्या बरोबरीला येणार होता, खुर्ची सरळ बागेत जाणार होती, म्हणून मी गप्प बसले. त्याची हौस आणि अण्णांची गरज एका फळीवर बसत असतील तर बसू देत.

ज्या वस्तूला धड मराठी नाव नाही तिचं भूमिपूजन झालं. तालुक्याचा एक पुढारी आला, फेटा बांधला, फोटोसाठी टिकाव उचलला आणि एकदा मारला. ईशान्येच्या कोपऱ्यात, नेमका ओट्याला लागून, पूजेपुरता हातभर खड्डा केलेला होता. त्यात नारळ, सुपारी, तांब्याचा लहान गडू ठेवला, वर दगड बसवला. दुपारपर्यंत सगळे फोटो भावाच्या स्टेटसला होते.

बाकीचे खड्डे कमरेइतके खोल गेले. आमचं रान काळं. पाणी पिऊन फुगतं, उन्हाळ्यात बोट जाईल एवढं फाटतं. खाली मुरूम लागेपर्यंत जायचंच, हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. भावाला तर मुळीच नाही. गाईंच्या गोठ्याचा पाया घेताना त्यानं मुरूम लागेपर्यंत गड्यांना जेवायला वर येऊ दिलं नव्हतं. पण पूजेचा खड्डा तेवढाच राहिला. मी म्हटलं, यालाही खाली घे. त्यानं माझ्याकडे मी चपला घालून देवघरात शिरल्यासारखं पाहिलं.

"पूजा झालेला खड्डा उकरत नसत्यात, आक्का. नारळ ठिवलाय त्यात. अन्नांना तरी चालंल का?"

कडेचे दहा जण एकमुखानं म्हणाले की चालणार नाही. अण्णांचं मन त्यांना इतकं पाठ होतं, पण त्यातला एकही आत जाऊन त्यांच्याजवळ घटकाभर बसलेला मला आठवत नाही. दगडावरच सिमेंट ओतलं गेलं.

डेक झाला. खरं सांगते, सुरुवातीचे काही आठवडे मला भावाबद्दलचं सगळं परत घ्यावंसं वाटलं. अण्णा रोज सकाळी बाहेर येत, जास्वंदीपाशी बसत, शेजारच्या उसाकडे बघत. एका शनिवारी मी आले तर त्यांचं तोंड उन्हानं रापलेलं होतं. मला फार बरं वाटलं.

मग भावानं लॉन लावलं. रिसॉर्टवर असतं म्हणून. त्यावर पाण्याची नळी सोडली ती बंद करायचं नाव नाही, आणि त्यातच शेजारच्या उसाला पाट आला. काळी पाणी प्यायली आणि फुगली. मुरमावरचे ठोकळे जागचे हलले नाहीत. पूजेचा तेवढा वर आला, आणि ओट्यापाशी फळ्यांची कड चार बोटं उचलली गेली. खुर्चीची पुढची लहान चाकं तिथं अडकायची. दोनदा अण्णा पुढे कलंडता कलंडता वाचले. पुन्हा टीव्ही, पुन्हा भिंत.

कडेची मंडळी परत जमली. कुणी म्हणे वास्तुदोष, कुणी म्हणे लाकूड फुगलं. भाऊ म्हणाला, उन्हाळ्यात बसेल आपोआप खाली. उन्हाळा यायला अजून अख्खा हिवाळा जायचा होता, आणि ज्या माणसाला तो तोवर थांबायला सांगत होता त्याला पुढचा उन्हाळा दिसेल की नाही हे डॉक्टरही सांगत नव्हते. मला त्याची किळस आली. भावाची किळस येणं वाईट असतं म्हणतात, पण आली.

मी अण्णांची खुर्ची ओट्याच्या टोकापर्यंत आणली, चाकं त्या कडेला टेकवली आणि सगळ्यांसमोर विचारलं, "अण्णा, पूजेचा खड्डा उकरला तर चालेल का तुम्हाला?"

त्यांचे ओठ जुळत नव्हते.

"उकरा," ते म्हणाले. मग एकेक शब्द ओढत, "मला बाहीर जायचंय. मला कुनी इचारलंच न्हाई."

कडेच्या माणसांना एकदम आपापली कामं आठवली. भावानं मोबाईल काढला; गुरुजींना चांगला दिवस विचारतो म्हणाला. मी गोठ्यातून पहार आणली आणि अण्णांच्या देखत त्याच्या हातात दिली. तो माझ्याकडे बघेना, त्यांच्याकडेही बघेना. अण्णा मात्र त्याच्या हातांकडे बघत होते, आणि ते बघत होते तोवर त्याला ती पहार खाली ठेवता येईना.