नववं कलम : थोरल्याने गाऊ नये

माझ्या वडिलांच्या अंत्यविधीचा कार्यक्रम पक्का ठरलेला आहे. फक्त वडील ठणठणीत आहेत.

पप्पांनी आयुष्यभर चर्चचं गायकमंडळ चालवलं. आपल्या शेवटच्या उपासनेत घोळ नको म्हणून त्यांनी गीतं, त्यांची पट्टी, पाळकांनी किती बोलावं (सात मिनिटं!) हे सगळं कागदावर लिहून काढलं आणि एक प्रत पाळकांना देऊनही टाकली. त्यात नववं कलम होतं, 'थोरल्याने गाऊ नये.' थोरला म्हणजे मी.

"अहो पप्पा, मी मुलगा आहे तुमचा!"

"म्हणूनच लेखी दिलंय."

मला मनापासून वाईट वाटलं. बापाला निरोप द्यायचा आणि तोही तोंड मिटून? शिकायचंच, असं मी ठरवलं. धाकटी बहीण त्यांना मोतीबिंदूच्या ऑपरेशनला घेऊन गेली, त्याच सकाळी मी गायकमंडळातल्या चौघांना आमच्या बिबवेवाडीच्या फ्लॅटवर बोलावलं. हार्मोनियम आली, दफनविधीचं गीत सुरू झालं. खिडक्या उघड्या होत्या. मी डोळे मिटून जीव ओतला.

तिसऱ्या कडव्याला बेल वाजली. दारात समोरच्या जोशीकाकू. हातात पिठलं-भाताचा डबा, डोळ्यांत पाणी.

"ऑपरेशन साधंच होतं ना रे?" एवढं बोलून त्या भिंतीला टेकून बसल्या. मला वाटलं, गाण्याने भारावल्या! मी आवाज आणखी चढवला.

खाली एव्हाना सोसायटीतली दहा-बारा माणसं पांढऱ्या कपड्यांत जमली होती. सेक्रेटरींनी जिन्यासमोरच्या गाड्यासुद्धा हलवून घेतल्या (एरवी नोटिसा लावूनही हलत नाहीत!). तेवढ्यात रिक्षा थांबली. काळा चष्मा लावलेले पप्पा बहिणीचा हात धरून उतरले, गर्दी पाहून त्यांनी रीतसर हात जोडले आणि हळूच सेक्रेटरींना विचारलं, "कोण गेलं?"

"तुम्ही," सेक्रेटरी म्हणाले.

"असं? मला कोणी कळवलं नाही."

पप्पा वर आले तेव्हा काकू ओशाळून उभ्या राहिल्या. "चुकलं हो भाऊ. गाणी तुमच्याकडे नेहमीच असतात. पण याने हंबरडा फोडला आणि माझी खात्रीच पटली."

"काकू, ते गाणं होतं!" मी म्हणालो.

काकूंनी डबा उघडून पप्पांपुढे ठेवला.

पप्पांनी पिठलं-भात पोटभर खाल्ला. मग कागद मागवला आणि एका डोळ्याने बघत नववं कलम खोडलं. मला अगदी भरून आलं. खाली त्यांनी नवीन कलम लिहिलं होतं : 'थोरल्याने अवश्य गावे. घरचे कोणीतरी रडत आहे, असे निदान लोकांना वाटेल.'