एक पाणी मातीचं

आमच्या गावात सकाळी आधी कुत्री यायची, मग भोंगा ऐकू यायचा आणि सगळ्यात शेवटी दाऊदचाचा दिसायचे. जुनी लुना, मागे पावाचे दोन ट्रे, त्यावर निळं प्लास्टिक आणि हँडलला रबरी भोंगा. खालापूरच्या बाजूनं ते निघाले की वाटेतल्या गावची कुत्री त्यांना आपल्या शिवेपर्यंत पोचवायची. शिवेवर पुढच्या गावची मंडळी वाट बघत उभीच असायची. तिथं दोन्ही बाजूंची थोडी बाचाबाची व्हायची. चाचा लुना थांबवून करपलेले पाव दोन्हीकडं सारखे टाकायचे आणि म्हणायचे, "तलाठ्याला कळत नाय तेवढी ह्यांना हद्द कळती."

माणूस उंच, पाठीत थोडा वाकलेला. दाढीला मेंदी, पायजमा घोट्याच्या वर. एवढी कुत्री अवतीभवती नाचायची, पण एकाचीही त्यांना शिवायची टाप नव्हती. एखादं लाडात येऊन जवळ सरकलंच तर चाचा पाय वर घेऊन ओरडायचे, "लांब! लांब रं! पायजमा पाक हाय माझा!" कुत्री हातभर मागे सरायची आणि तिथूनच शेपटी हलवायची. आम्हा पोरींना याची फार गंमत वाटायची. मी तेव्हा नुकतीच साजगावच्या कारखान्यात पॅकिंगला लागले होते आणि तोंडाला लगाम नव्हता.

"चाचा, एवढं जीव लावून खायला घालता, मग हात का नाय लावत?"

"हात लावायचं काय गं. कोरडं असलं तर काय बी होत नाय. पन लाळ लागली तर सात पाणी धुवायचं, त्यातलं एक पाणी मातीचं. आमच्यात तसं हाय. आता नमाजची येळ झाली तर गावोगाव मी सात सात पाणी मागत फिरू?"

"म्हणजे वाईटच की कुत्रं."

तेव्हा मात्र ते खरोखर रागावले. पाव मोजता मोजता थांबले. "वाईट कुठं सांगितलंय? धुवायला सांगितलंय, शैले. हाकलायला नाय सांगितलं."

पुढं हे वाक्य मी त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकलं असेल! ते फक्त कुत्र्यांपुरतं नव्हतं. आई आणि काकूचं एकदा बांधावरून वाजलं आणि बोलणं बंद झालं. चाचांनी दोन्ही घरी पाव देताना तेच ऐकवलं. "वयनी, राग आला ना? धुवा की. मानूस कशापायी हाकलताय?" आई फणकारली, पण दिवाळीला काकूच्या घरी फराळ गेला.

आमच्या ओट्यावर त्यांचा चहा ठरलेला होता. चहा पिताना आईशी त्यांच्या गप्पा चालायच्या. एकदा म्हणाले, "आमच्यात गोष्ट हाय, वयनी. काही नेक मानसं गुहेत झोपली. वरसानुवरसं झोपली. त्यांच्यासंगं कुत्रा होता. तो कुठं बसला? दारात. पाय पसरून. मानसं झोपली तवा जागा कोन, तर तो." आई म्हणाली, "आमच्यातला बी एक राजा सरगाच्या दारापर्यंत कुत्र्याला घेऊन गेला हुता. कुत्र्याला आत घेत नाय म्हनले तर राजा म्हनला, मी बी येत नाय." चाचांना ही गोष्ट फार आवडली. "बगा, तुमच्यात बी दारातच बसला तो," ते म्हणाले. "आत न्हाई, भायेर न्हाई. उंबऱ्यावर. पहिल्यांदी मानसानं भाकर केली तवापासून तो तितंच बसलाय."

आमच्या आळीच्या उंबऱ्यावर बसायची ती मैना. तांबूस रंगाची, एक कान मोडलेला. तिला कुणी आणलं नव्हतं. एका पावसाळ्यात आली आणि राहिली. आई भाकऱ्या संपत आल्या की परातीत चिकटलेलं पीठ खरवडून एक जाडी, लहानशी भाकरी थापायची. तिचं नावच 'मैनेची' होतं. घरात कुणाला भूक असली आणि टोपलीत तेवढी एकच उरलेली असली, तरी त्या भाकरीला हात लावायची प्राज्ञा नव्हती. शेजारीही तसंच. मैना चार दारी जेवायची आणि सगळ्या आळीवर भुंकायची.

मग माळावर बंगले झाले. आमच्याच लोकांनी विकलेल्या वरकस, भात न पिकणाऱ्या जमिनी, त्याला कुंपण आणि फाटक. शनिवार-रविवारी माणसं येत, बाकी दिवस झाडांना पाणी घालणारा माळी. एका रविवारी तिथल्या पाहुण्यांचं लहान पोर आळीत आलं. मैना खात होती. पोरानं तिची शेपूट ओढली आणि तिनं दात लावला. फार नाही, पण रक्त आलं. पोराला सुया टोचाव्या लागल्या. त्या आईबापांचा जीव किती घाबरला असेल, ते मला कळतं.

ग्रामपंचायतीत बैठक बसली. बंगल्यांचे सेक्रेटरी नीट बोलणारे होते. त्यांनी एवढंच विचारलं, "या कुत्रीचा मालक कोण?"

आई पुढं बसली होती. ती मोठ्या तोऱ्यात म्हणाली, "मालक कुनी नाय तिला. ती गावची हाय."

आमच्याकडं विहिरीला मालक नाही, पिंपळाला मालक नाही, शिवेवरच्या देवाला मालक नाही. ज्याला मालक नाही ते सगळ्यांचं. आईच्या मनात तेच होतं. मैनेची बाजू आपण भक्कम मांडली असंच तिला वाटलं. आळीतल्या बाकीच्या बायकांनीही माना डोलावल्या. ग्रामसेवकांनी लिहून घेतलं आणि मोठ्यानं वाचलं, "सदर कुत्री बेवारस असल्याने गाडी बोलावून उचलण्यात यावी."

आईचा चेहरा उतरला. "बेवारस? चार घरी जेवती की ती!"

"मग मालक म्हणून कोण सही करतंय, काकू? करेल त्यानं तिला बांधून ठेवायचं. पुन्हा काही झालं तर जबाबदारी त्याच्यावर," ग्रामसेवक म्हणाले.

आमच्या गावात गाईला दावं होतं, बैलाला होतं. कुत्र्याला कधी कुणी बांधलेलं नव्हतं. कुठल्या घरानं बांधायचं? बांधली तर बाकीच्या तीन घरांची मैना कुठं राहिली? सही करायला कुणी उठलं नाही. घरच्या लोकांच्या डोळ्यांत तर सरळ दिसत होतं, नसती ब्याद कशाला.

दाराशी लुना उभी होती. दाऊदचाचा आत आलेही नाहीत. तिथूनच म्हणाले, "बेवारस कशी? लिवा, वारस दाऊद. माझी हाय."

अख्खी बैठक हसली. "चाचा, तुमी? लांब लांब करणारे?"

"लांबच ठेवीन. पन माझी. लिवा."

ग्रामसेवकांनी लिहिलं. सेक्रेटरींनाही सुटल्यासारखं झालं. मैनेला कुणी काही विचारलं नाही, ती बाहेर लुनेच्या सावलीत झोपली होती.

मी त्यांच्याबरोबर शिवेपर्यंत गेले. मैना लुनेमागं रोजच्यासारखी मजेत आली आणि ओढ्याच्या काठाला येऊन बसली. ओढा ही आमची शीव. पलीकडं चाचांनी भोंगा वाजवला, पाव दाखवला, हाक मारली. मैना शेपटी हलवत होती, पण उठत नव्हती. तिची हद्द संपली होती. संध्याकाळपर्यंत ती आळीत परत गेली असती, आणि तिथं मोकळी दिसली तर गाडी येऊन तिला उचलणार होती.

चाचा लुना स्टँडला लावून परत अलीकडं आले. तिच्यापुढं थोडा वेळ नुसते उभे राहिले. मग वाकले आणि तिला दोन्ही हातांवर उचलून घेतलं, लहान पोराला घेतात तसं. मैना भेदरली होती. तिनं त्यांचा हात चाटला, गाल चाटला, मेंदीची दाढीसुद्धा चाटली. चाचा तोंड वर करून, डोळे मिटून पाण्यातून चालत गेले. पलीकडं तिला खाली ठेवून ते काठावर बसले आणि हात, तोंड, पायजमा धुवायला लागले. एकदा काठची माती घेऊन चोळली. पुन्हा पुन्हा धुतलं. घाई नव्हती, किळस तर अजिबात नव्हती. मैना बाजूला बसून बघत होती.

"झालं," मला म्हणाले. "ती बी पाक, मी बी पाक. जा घरी, आई वाट बगत असंल."

चाचांच्या घरी जुलेखाचाची होत्या, आणि मूलबाळ नव्हतं. चाचींनी कपाळावर हात मारला. "घरात कुत्रं असलं तर फरिश्ते येत नायत. तुमाला ठाव नाय?" आपण दिलेलं उत्तर चाचांनीच मला पुढं हसत सांगितलं होतं. "घरात कुठं? ती कुडाभायेर हाय. फरिश्ते आले तर ती वाट सोडती." कुडाबाहेर त्यांनी फळ्यांचं खोपट केलं. चाची तिला कधी हाक मारायच्या नाहीत, पण करवंटीतलं पाणी कधी आटलेलं मी पाहिलं नाही.

आईनं 'मैनेची' भाकरी थापणं थांबवलं नाही. आळीतल्या दुसऱ्या बायकाही आपापला वाटा आणून द्यायच्या. रिकाम्या ट्रेमधून ते गाठोडं रोज चाचांबरोबर जायचं. येताना आमचा पाव, जाताना तिची भाकरी. असं बरीच वर्षं चाललं.

मग त्यांची बेकरी बंद पडली. पाकिटातला पाव टेंपोनं दुकानात यायला लागला. चाचांच्या डोळ्यांवर पडदा आला आणि लुना विकली. तरी ते काठी टेकत आमच्याकडं यायचे, आणि आता मैना त्यांच्याबरोबर ओढा ओलांडून यायची. तिलाही वय झालं होतं. दोघं रस्त्यानं अशी चालायची की कोण कुणाला नेतंय ते कळू नये. मध्ये हातभर अंतर मात्र कायम असायचं. आईच्या अंगणात ती पूर्वीच्या जागी जाऊन बसायची आणि चाचा ओट्यावर. पाव नसायचा, चहा असायचा.

गेल्या हिवाळ्यात एका दुपारी कंपनीच्या बसमधून मी खालापूरच्या फाट्यावर उतरले. सर्व्हिस रोडच्या कडेला झाडाखाली पाच-सात माणसं उभी होती. सगळी वाटेवरची, ट्रकवाले, टोलकडची. एक हवालदार फोनवर बोलत होता, "हो, भिकारी असावा. ओळख काही नाही. बेवारसच दिसतोय. आणि कुत्रं जवळ येऊ देत नाही."

मला आधी कुत्रं दिसलं. मोडका कान दिसला. मग बुंध्याला टेकून बसलेला माणूस. चाचा डोळ्यांच्या औषधासाठी खालापूरला आले होते, थकले म्हणून बसले, ते उठले नव्हते. सकाळपासून लोक बाजूनं जात होते. झोपलेल्या म्हाताऱ्याकडं आणि कुत्र्याकडं कोण बघतो? मैना त्यांच्या पायांपाशी उभी राहून दात दाखवत होती. मध्येच वळून त्यांचा खाली पडलेला हात चाटत होती. ते हातभर अंतर आता नव्हतं.

"मैने," मी म्हटलं. ती थांबली. माझ्याकडं आली आणि मला वाट दिली.

"तुमची का कुत्री?" हवालदारानं विचारलं.

"यांची. आणि हे बेवारस नाहीत. लिहून घ्या." मी नाव सांगितलं, गाव सांगितलं, चाचींचं नाव सांगितलं.

"तुम्ही कोण त्यांच्या?"

"आम्ही पाव घ्यायचो यांच्याकडून," एवढंच मी बोलले आणि भर रस्त्यात रडायला लागले.

सरकारी दवाखान्यातले सोपस्कार होऊन त्यांना घरी आणेपर्यंत ऊन उतरलं होतं. मैना गाडीमागं पळत आली असावी, आम्ही पोचल्यावर थोड्या वेळानं ती कुडाबाहेर दिसली. आईही आली होती. आम्ही दोघी आत बायकांमध्ये चाचींजवळ बसलो. मागल्या पडवीत अंघोळ घालायची तयारी चालली होती. चाची रडत नव्हत्या. त्यांनी माझं मनगट धरलं.

"शैले, खरं सांग. ती चाटली का त्यांना?"

सगळ्या बायका माझ्याकडं बघायला लागल्या. हो म्हटलं तर शेवटच्या घटकेला त्यांना काही कमीपणा येईल का? मैनेचं काय करतील? पण चाचींच्या डोळ्यांत बघून खोटं बोलवेना.

"हो, चाची. उजवा हात चाटत होती. किती वेळ, ते नाय ठाऊक."

चाचींनी मान हलवली. चाचांच्या पुतण्याला दाराशी बोलावून म्हणाल्या, "सात पाणी घाला त्या हाताला. एक पाणी मातीचं. माती आना चांगली."

आई उठली. कुणाला विचारलं नाही. बाहेर जाऊन अळवाच्या वाफ्यातली मूठभर माती पदराच्या घोळात घेऊन आली आणि पुतण्याच्या हातातल्या ताटलीत ओतली. पडदा ओढला गेला. आम्हाला आत नुसता पाण्याचा आवाज येत राहिला, थांबून थांबून.

मय्यत उचलायची वेळ झाली तेव्हा माणसं दाराशी गोळा झाली. मैना उठून पुढं आली. कुणीतरी, चांगल्या मनानंच असेल, खाली वाकून दगड उचलला.

उंबऱ्याच्या आतून चाचींचा आवाज आला. इतका मोठा आवाज त्यांचा मी कधी ऐकला नव्हता.

"टाक तो दगड! धुवायला सांगितलंय. हाकलायला नाय."