सामानाच्या यादीतली आत्या

आम्ही मस्कतला राहायला गेलो त्याला तेव्हा अकरा वर्षं झाली होती. दर दोन वर्षांनी मे महिन्यात नवऱ्याला एकवीस दिवसांची रजा मिळायची, आणि त्या एकवीस दिवसांत सव्वीस घरी जायचं असायचं. सासर भिवंडीजवळच्या पूर्ण्याला, माहेर कल्याणला, बाकीची घरं भिवंडीत आणि आजूबाजूच्या गावांत.

पहिल्या खेपेला मी काहीच न ठरवता गेले आणि आजारी पडून परत आले. आमच्या आगरी घरांत भेटायला आलेल्या माणसाला जेवल्याशिवाय उठू देत नाहीत. एका दिवसात चार घरं म्हणजे चार वेळा मासे, चार वेळा तांदळाच्या भाकऱ्या, आणि चौथ्या घरी “आमच्याकडंच कमी जेवली” हा ठपका. दुसऱ्या खेपेपासून मी वही केली. कुठलं घर कधी, जेवण कुठे, नुसता चहा कुठे, हे सगळं मस्कतहून निघण्याआधीच ठरलेलं असायचं. प्रत्येक घराची पिशवी वेगळी भरायची: खजूर, बाम, साबण, लहान मुलं असतील तर चॉकलेटं. पिशवीवर चिठ्ठी डकवायची, त्यावर घर, दिवस, वेळ. यामुळे पूर्ण्याला पोचल्यावर सामान विस्कटावं लागत नसे. जाऊबाई हसायच्या, पण पिशव्या काढून द्यायला त्याच पुढे असायच्या.

या सगळ्यात एक घर वहीत लिहायची कधी गरजच पडली नव्हती, ते म्हणजे भिवंडीतल्या नारपोलीच्या आत्याचं.

आत्या म्हणजे नवऱ्याच्या वडिलांची थोरली बहीण. नवरा चार वर्षांचा असताना त्याची आई गेली. मोठा भाऊ वडिलांजवळ पूर्ण्यालाच राहिला आणि धाकट्याला आत्याने नारपोलीला आणलं, थोडे दिवस म्हणून. तो तिथे लग्न होईपर्यंत राहिला. आत्याला मूल नव्हतं आणि तिचा नवराही लवकर गेला. लूमच्या कारखान्यात कांड्या भरून, म्हणजे विणायचं सूत छोट्या नळ्यांवर गुंडाळून, तिने याला वाढवलं आणि शिकवलं. त्यामुळे विमानतळावरून आमची गाडी आधी नारपोलीला जायची आणि मग पूर्ण्याला. याबद्दल कुणी कधी चर्चा केली नव्हती.

त्या वर्षी आम्ही आत्याला दोन महिन्यांसाठी मस्कतला न्यायचं ठरवलं होतं. मोठ्या दिरांनी धावपळ करून तिचा पासपोर्ट काढला होता. व्हिसा माझ्या फायलीत होता, तिकीट आमच्याच विमानाचं. फोनवर तिने दोनच प्रश्न विचारले होते. तिथे मासळी मिळते का, आणि थंडी असते का. मे महिन्यात मस्कतला थंडी! नवरा त्या प्रश्नावर आठवडाभर हसत होता. अकरा वर्षांत तिने आमचं घर पाहिलं नव्हतं, आणि ते तिला दाखवायचं एवढंच त्याच्या मनात होतं.

मग मी वही घेऊन बसले आणि विचार केला तो असा. दोन महिने आत्या आपल्याकडेच असणार. मग एकवीसपैकी एक दिवस तिच्यावर कशाला खर्च करायचा? शिवाय तिचं घर परतीच्या वाटेवर. शेवटच्या दिवशी जाता जाता गाडी थांबवायची, तिला घ्यायचं, निघायचं. तिच्यासाठी आणलेल्या खजुराच्या पिशवीवर मी चिठ्ठी लावली: “नारपोली, आत्या. शेवटचा दिवस, ५ ते ५.२०.”

नवऱ्याने वही चाळताना “आत्या शेवटी?” एवढंच विचारलं. मी कारण सांगितलं. त्यालाही पटलं.

आम्ही उतरलो आणि थेट पूर्ण्याला गेलो. गावाच्या तोंडाशी दोन वर्षांपूर्वी भातशेती होती, तिथे आता पत्र्याची गोदामं उभी होती. आमची नऊ वर्षांची मुलगी विचारत होती की चुलत भावंडांबरोबर ती खेकडे पकडायची तो बांध कुठे गेला. चार दिवसांत मी नऊ घरं उरकली. सगळं वेळेवर चाललं होतं.

पाचव्या दिवशी सकाळी जाऊबाईंचा भाऊ आला. त्याच्या हातात ती खजुराची पिशवी होती. आधी मला काही कळेना. मग जाऊबाईंनी सांगितलं की उन्हाने खजूर चिकट व्हायला लागले, भाऊ काल नारपोलीला निघालाच होता, म्हणून त्यांनी आत्याची पिशवी त्याच्याबरोबर पुढे पाठवली होती. चांगल्या मनानेच पाठवली होती. आत्याला वाचता येत नाही. तिच्या शेजारी राहणाऱ्या उत्तर प्रदेशातल्या कुटुंबाची सून तिला लाईटबिलं, पत्रं वाचून दाखवते. तिने पिशवीवरची चिठ्ठीही वाचून दाखवली.

“म्हातारी काय बोलली?” जाऊबाईंनी भावाला विचारलं.

तो माझ्याकडे न बघता म्हणाला, “बोलली, वीस मिनटं माझ्यावर कशाला घालवतान? तेवढ्यात त्यांचं आनखी एक घर व्हईल.” आणि त्याने खिशातून तिचा पासपोर्ट काढून चटईवर ठेवला. “ह्यो पन दिलाय. ती येत न्हाय.”

नवऱ्याने पासपोर्ट उचलला आणि शर्टाच्या खिशात ठेवला. मी म्हटलं, “माझी चूक झाली.” तो म्हणाला, “तू लिहिलंस. पण मी वाचलं होतं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघंही नारपोलीला गेलो. आत्या भिंतीला टेकून बसली होती. फळीवरचं गजराचं घड्याळ तिने खाली काढून जमिनीवर, बरोबर आमच्यासमोर ठेवलं होतं.

“या पावनं, बसा. घड्याल समोरच ठेवलंय, मान वर करायला नको.”

“आत्या, असं काय करतेस?” नवरा म्हणाला.

“मी काय केलं? मी टायम पालते. तिकडं सगले पालतान ना?”

मी सांगायला गेले, “आत्या, मी असा विचार केला की तुम्ही दोन महिने आमच्याकडेच...”

“तू विचार लय करतंस, बाय. चा घे.”

मुलगी तिच्या मांडीवर जाऊन बसली, तिला मात्र तिने जवळ घेतलं, केसांवरून हात फिरवला, शाळेचं विचारलं. काटा वीस मिनिटं पुढे सरकला तशी तिने कपबशा गोळा केल्या.

“झाली वीस मिनटं. उठा. पुढचं घर वाट बघत असंल.”

आम्ही खरोखरच उठलो. दुसरं काय करणार? दारात नवऱ्याने विचारलं, “पासपोर्ट ठेवू?”

“तुझ्याकडंच ऱ्हाऊ दे. मना कुठं जायचाय?”

त्याच्या पुढच्या दिवशी वहीत तीन घरं होती. ती नवऱ्याने आणि मुलीने करावीत असं सांगून मी एकटी रिक्षाने नारपोलीला गेले. आत्या अंगणात चटईवर लाल मिरच्यांचा ढीग घेऊन बसली होती, वर्षाच्या मसाल्याची तयारी. मी समोर बसले आणि देठ खुडायला लागले. तिने मला नको म्हटलं नाही आणि ये असंही म्हटलं नाही. दोन्ही बाजूंना लूम चालू होते. नारपोलीत त्या खडखडाटात हळू बोलता येत नाही. भांडायचं तर ओरडूनच भांडावं लागतं, आणि ओरडायचा आम्हा दोघींना कंटाळा आला होता. तासभर तसाच गेला. माझी बोटं भगभगायला लागली.

मग ती एकदम म्हणाली, “वही आनलीस?”

“पिशवीत आहे.”

“काड. मी कंच्या पानावर हाय?”

मी वही काढली. शेवटच्या दिवसाच्या पानावर तिचं नाव होतंच, पण ती दुसऱ्याही एका पानावर होती आणि ते मला तेव्हाच दिसलं. मी दुसरं काहीही वाचून दाखवू शकले असते, तिला कळलं नसतं. पण मी जे होतं ते वाचलं. “परत न्यायचं सामान. मसाला चार किलो. सुका जवळा. तांदळाचं पीठ. पापड. आत्या.”

तिचा हात मिरचीवर थांबला. “जवल्याच्या खाली?”

“पापडाच्या खाली.”

ती इतकी मोठ्याने हसली की शेजारची सून धावत दारात आली. “क्या हुआ, चाची?”

“कुछ नहीं. ये मेरे को पापड के साथ पॅक करनेवाली थी.”

सून तोंडाला पदर लावून आत पळाली. आत्याने डोळे पुसले, आणि पुसताना मिरचीचा हात डोळ्याला लागला. मग पाणी, थंड फडकं, माझी धावपळ. तशीच एक डोळा मिटून ती बोलायला लागली.

“मना त्या वीस मिनटांचा राग न्हाय आला. तो इमानातून उतरला का पयला इथं येतो. चार दिस झाले, आला न्हाय. मी रोज त्याच्या नावाचं पीठ जास्त मलत होते. मग ती चिठी आयली. मी बोलले, आता मना घेऊन जातान, घराला कुलूप लावतान, संपलं. नेयाचं तुझ्या वहीत हाय. आनायचं कोनाच्या वहीत हाय?”

परतीचं तिकीट पहिल्या दिवसापासून माझ्या फायलीत होतं. ते मी दिरांना दाखवलं होतं, नवऱ्याला दाखवलं होतं, तिला कुणीच दाखवलं नव्हतं. तिला वाचता येत नाही म्हणून दाखवायचं काय, असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो. मी पिशवीतून फाईलही काढली, तिकीट तिच्या हातात दिलं आणि मस्कत ते मुंबई हा रकाना तिचं बोट धरून दाखवला. दिवस सांगितला. जुलैचा शेवटचा आठवडा.

“म्हंजे गौरी-गनपतीला मी इथं?”

“त्याच्या खूप आधी.”

तिने तिकीट उलटं-सुलटं करून पाहिलं आणि बाजूला न ठेवता मांडीवरच ठेवलं. मग म्हणाली, “मना अकलोलीला न्या. कुंडात गुडघे शेकते, मंग बघू. पन दिसभर जायचा. घाई करनार असाल तर नको.”

अकलोलीला जायचं म्हणजे पाच घरं खोडावी लागणार होती. मी ती खोडली. त्यातली दोन घरं अजून मला त्यावरून बोलतात.

दोन दिवसांनी दिरांची जीप घेऊन सकाळी निघालो. वज्रेश्वरीला दर्शन घेतलं आणि अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडावर आलो. नवऱ्याने आत्याला हाताला धरून एकेक पायरी उतरवलं. ती काठावर पाय सोडून बसली आणि तो खालच्या पायरीवर, पाठ तिच्याकडे करून, पाण्यात. मुलगी पाण्याला बोट लावून किंचाळत होती आणि पुन्हा लावत होती. मी वर कपडे सांभाळत बसले होते, नवऱ्याच्या शर्टाच्या खिशात तो पासपोर्ट तसाच होता. चार दिवस तो त्याने कुणाकडे दिला नव्हता.

आत्याने अचानक त्याची पाठ घासायला सुरुवात केली.

“आत्या, लोक बघतात.”

“बघू दे. चार वरसाचा होतास तवापासून मीच घासलंय हिला. तिकडं कोन घासतं? ही वहीवाली?”

काठावरच्या दोन अनोळखी बायका हसल्या. नवऱ्याने मान खाली घातली. तो हसत होता की आणखी काही, मला वरून दिसलं नाही. मग तो मागे न वळता म्हणाला, “मी पहिल्या दिवशीच यायला हवं होतं.”

“व्हय, यायला होवा होतास.” ती घासत राहिली. थोड्या वेळाने मला हाक मारली, “बाय, तुमच्या तिकडं दारात बसायला जागा हाय का?”

आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, चार फ्लॅटची दारं एका अरुंद बोळात. या प्रश्नाचं उत्तर मी कुठेच लिहून ठेवलं नव्हतं. “दारात नाही,” मी म्हटलं, “पण खाली इमारतीच्या पायऱ्या आहेत. संध्याकाळी सावली असते.”

“मंग पासपोर्ट आन इकडं,” ती म्हणाली. “हा वल्या अंगानं शर्ट घालंल, खिशात भिजंल.”

ती आली. विमानात खिडकीशी बसली आणि समुद्र दिसेना म्हणून मुलीशी भांडली. मस्कतला पहिले चार दिवस उन्हाला शिव्या देत घरातच होती. पाचव्या दिवशी संध्याकाळी चटई घेऊन खाली पायऱ्यांवर जाऊन बसली. मला धास्ती होती की तिची भाषा कुणाला कळणार? पण नारपोलीत चाळीस वर्षं लूमवाल्यांबरोबर काढलेल्या बाईला हिंदीचं काय भय? आठवडाभरात पहिल्या मजल्यावरची बलुची बाई तिच्याकडून सुक्या जवळ्याची चटणी शिकली, मल्याळी वॉचमन तिला “अम्मा” म्हणायला लागला, आणि अकरा वर्षांत ज्यांची मला नावं माहीत नव्हती त्या शेजाऱ्यांच्या घरातल्या भानगडी ती मला जेवताना सांगायला लागली. जुलै आला तेव्हा तिनेच व्हिसा एक महिना वाढवून मिळतो का म्हणून चौकशी केली. माझ्याकडे नाही, वॉचमनकडे.

त्या दिवसांत नवरा ड्युटीवरून सहाला परतायचा, पण वर यायला त्याला सात वाजायचे. गॅलरीतून मी बघायचे तर कामाच्या कपड्यांतच तो तिच्या खालच्या पायरीवर बसलेला असायचा, डबा बाजूला ठेवून. काय बोलायचे कुणास ठाऊक. मी चहा खाली पाठवून द्यायला लागले.