चुडामण पाटलांच्या गळ्यातली कात्री

लोणखेड्यात चुडामण पाटलांना गप्प बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. भांडण कुणाचंही असो, निवाडा त्यांच्या ओट्यावर. फक्त एका प्रश्नापाशी त्यांची जीभ अडखळे, आणि शेजारचा रेवजी नेमका तोच विचारी.

"आप्पा, तुन्हा पोऱ्या नवल मुंबईले इतला वरीस काय शिकना?"

"डाक्टर शे तो."

"मंग लोकेस्ना दात कसाले उपटस?"

नवल आधी डॉक्टर झाला, मग पुन्हा विद्यार्थी होऊन दातांचं शिकला. कवट्या हाताळल्या, प्लॅस्टरच्या साच्यांवर तारा बांधताना बोटं सोलून घेतली. तेवढ्यात लढाई आली. लष्करी इस्पितळात जुन्या सर्जनच्या हाताखाली त्याने गोळीने फुटलेले जबडे सांधले, खचलेली गालाची हाडं उचलून बसवली. हे सगळं त्याने बापाला सांगितलं होतं. बापाला त्यातला दात तेवढा कळला, आणि गावात दात न्हावीच उपटे.

"दातच काढाना व्हतात, ते आपला भिला न्हावी काय वाईट व्हता?" असं म्हणत पाटील शहाद्यातल्या पोराच्या दवाखान्यावरून जाताना दुसरीकडे बघत.

त्या साली कपाशीची गाडी भरताना माल मागे रचा, असं गड्यांना पाटलांनीच बजावलं. बैल अजून जुंपायचे होते. गाडी मागच्या भाराने उलाळली, जू वर आलं आणि समोर उभ्या पाटलांच्या हनुवटीवर बसलं. खालचा जबडा मोडला. आता नवलवाचून इलाज नव्हता.

नवलने सुई टोचून जबडा बधिर केला, हाड जागेवर आणलं, वरचे-खालचे दात एकमेकांवर जुळवले आणि बारीक तारांनी दोन्ही जबडे बांधून टाकले. दात नीट बसले की हाड नीट सांधतं, म्हणाला. सव्वा महिना तोंड बंद. दूध, ताक, पेज दातांच्या फटीतून. मग त्याने तारा तोडायची कात्री आईच्या हातात दिली.

"माय, हाई आप्पाना गळामा बांध. उलटी व्हयनी ते जीव गुदमरी. लगेच तारा तोड."

नवऱ्याचा जीव जिच्यावर, ती वस्तू ताक-पेजेने उष्ट्या झालेल्या गळ्यात कशी लटकवायची? दगूबाईने कात्री धुतली, हळदकुंकू लावलं आणि देव्हाऱ्यात कुलदेवीच्या टाकाशेजारी ठेवली. रोज एक फूलही वाहू लागली.

एका दुपारी आंबट ताक पाटलांच्या पोटात फिरलं. ते ताडकन उठून बसले, डोळे बाहेर आले, दोन बोटांनी कात्रीची खूण करू लागले.

"समजनं, समजनं," दगूबाई म्हणाली. "धीर धरा, नवलना बाप. आंग धुई येस. बिगर न्हायेल देव्हाराले हात कसा लावू?"

आणि ती खरंच न्हाणीत गेली. पाटील भिंत धरत देव्हाऱ्यापाशी पोचले. आंधळ्यासारखं चाचपून कात्री उचलली, तोंडात घातली, मिळेल ती तार तोडली. जे यायचं ते बाहेर आलं, देवीच्या पुढ्यातच. दगूबाई ओल्या केसांनी परतली तेव्हा पाटील जमिनीवर बसून नुसता श्वास घेत होते. हाड मात्र पुन्हा सरकलं होतं.

नवल आला. लगेच परत बांधायला बसला. या वेळी पाटील पोराच्या बोटांकडे बघत राहिले. तार पिळायची, थांबायचं, दात बघायचे, पुन्हा पिळायची. शेवटी नवलने कात्री काळ्या दोऱ्यात ओवून स्वतःच बापाच्या गळ्यात घातली.

दुसऱ्या दिवशी रेवजी ओट्यावर हजर.

"आप्पा, हाई कात्रीकरता पोऱ्या इतला वरीस शिकना का?"

पाटलांपाशी आता उत्तर होतं. कवटीपासून लढाईपर्यंत सगळं त्यांना सांगायचं होतं. ओठ हलले, फटीतून वारा तेवढा शीळ घालून गेला. त्यांनी कात्री वर धरली आणि हवेत दोनदा चालवून दाखवली.

रेवजीने समजल्यासारखी मान हलवली.

"तूच सांगत व्हता ना," तो म्हणाला, "न्हावीच शे."