मावशींचा डावा हात

"किती चुका हव्यात, वहिनी?"

आमच्या कॉलेजातल्या मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत झाडलोट करणाऱ्या मावशी पदराला हात पुसत टेबलाशी बसायच्या आणि पहिला प्रश्न हाच विचारायच्या.

मी सत्तेचाळिसाव्या वर्षी बी.ए.ला बसले होते. वर्गात आम्ही नऊ जण. त्यांत वयाने सर्वांत मोठी मी, सरांपेक्षाही.

मानसशास्त्राच्या प्रात्यक्षिकाला एक माणूस लागतो, ज्याच्यावर प्रयोग करायचा. त्याला प्रयोग आधी ठाऊक नसावा, हा नियम. पण दुपारी दोनला रत्नागिरीत जागा माणूस आणायचा कुठून? पोरं मावशींना बसवत. नेहमीचा प्रयोग असा: आरशात बघून कागदावरची चांदणी गिरवायची. रेघ सुटली की एक चूक. मावशींनी ती इतक्यांदा गिरवली होती की चूक होतच नसे. मग पुस्तकातल्यासारखा आलेख यावा म्हणून त्या मापून चुका करत. आधी वीस, मग चौदा, मग आठ.

पोरांच्या वह्यांत त्या कधी एकोणीस वर्षांच्या असत, कधी बी.कॉम.ला.

"एका मेल्याने तर मला पुरुष केलंन!" त्या हसून सांगत.

परीक्षेसाठी मी यादी केली होती. त्यात प्रयोगाला बसणारी म्हणून 'नणंद' लिहून पुढे आठवडाभर आधीच बरोबरची खूण केली होती. परीक्षेच्या सकाळी तिचा सावर्ड्याहून फोन आला: एसटी चुकली. यादीत याची सोय नव्हती. प्रात्यक्षिक बुडालं तर पदवी वर्षभर लांबणार.

मावशी झाडू घेऊन दारातच उभ्या होत्या. "बसू?"

"बसा. पण खरं तेच करायचं."

"खरं केलं तर नापास व्हाल हो."

पहिल्या फेरीत एकही चूक नाही. बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी चष्मा काढला. "यांनी हे आधी केलंय?"

मावशींची मान नकारासाठी हलायला लागलीच होती.

"हो मॅडम," मी म्हटलं. "ठरलेली बाई आली नाही. आणि हा प्रयोग यांच्याइतका कॉलेजात कुणालाच येत नाही."

बाईंनी चष्मा परत चढवला. मग मावशींना म्हणाल्या, "डाव्या हाताने?"

मावशींचा चेहरा उतरला. "डाव्याने कधी नाय."

"मग तोच हात हवा."

पेन्सिल भलतीकडेच निघाली. मावशींची जीभ दातांत, कपाळावर घाम. तेहतीस चुका. दुसऱ्या फेरीत कमी व्हायला हव्यात, झाल्या छत्तीस! मी छत्तीसच लिहिल्या.

शेवटी पद्धतीप्रमाणे विचारलं, "प्रयोगाच्या वेळी काय वाटलं?" एरवी त्या घडाघडा सांगत, "लिहा, आधी गोंधळ, मग आत्मविश्वास." त्या दिवशी त्यांनी डावा हात उलटसुलट करून पाहिला.

"हात माझा नव्हेच, असं वाटलं. राग आला. पण मजाही आली, वहिनी. पुढं काय होणार ते मला ठाऊकच नव्हतं."

मी शब्दन् शब्द उतरवून घेतला. पास झाले.

त्याच वर्षी मे महिन्यात मावशी निवृत्त होऊन पूर्णगडला लेकाकडे गेल्या. तुमच्याही कॉलेजात असं कुणी असेल, तर विचारून बघा, त्यांनी किती जणांना पदव्या मिळवून दिल्या.

त्या दिवशी मात्र, परीक्षा संपल्यावर, सर चहासाठी मावशींना हाका मारत होते. मी खिडकीतून डोकावले. मावशी मागच्या पायरीवर बसून डाव्या हाताच्या बोटाने लाल मातीत काहीतरी काढत होत्या.

"मावशी, सर बोलावतायत!"

त्यांनी मान वर केली नाही.

"सांगा त्यांना, कामात आहे."